अफझलगंजातून निघालेले बोरनहाण

चारमिनारकडून येताना नयापुलावर मुसी ओलांडली की उस्मानिया रुग्णालयाचे घुमट दिसतात आणि अफझलगंज सुरू होते. पाचवे निजाम अफझलुद्दौला यांच्या नावाची ही पेठ. गंज म्हणजे धान्याचा बाजार, आणि धान्याच्या व्यापाऱ्यांसाठीच ती वसली. शेजारचे बेगमबाजार, सिद्दीअंबर बाजार आणि उस्मानगंज तिच्याशी असे गुंतलेले आहेत की कोणता बाजार कोठे संपतो, हे तेथे जन्म काढलेल्या हमालालाही सांगता येऊ नये. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, तेव्हा ज्या चिंचेवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, ते झाड रुग्णालयाच्या आवारात अजून उभे आहे. नांदेड-लातूरकडून येणारी माणसे पूर्वी गौळीगुड्याच्या स्थानकावर उतरत, १९९४ नंतर इमलीबनच्या नव्या स्थानकावर उतरू लागली. दोन्ही ठिकाणांहून ती प्रथम याच रस्त्याला लागतात. त्यामुळे येथील गर्दीत "ओ मामा, जरा सरका की" असे खणखणीत मराठी कानांवर पडले तर कोणी वळून पाहत नाही.

माझा या भागाशी संबंध आला तो पुस्तकांमुळे. १८९१ साली स्थापन झालेले आसफिया ग्रंथालय १९३६ मध्ये अफझलगंजातील भव्य इमारतीत आले. आज ते राज्य मध्यवर्ती ग्रंथालय म्हणून ओळखले जाते. एम.ए.च्या दिवसांत मी तेथे दुपारच्या दुपारी काढल्या आहेत. ग्रंथालयातून निघून समोरच्या बाजारात शिरण्याचे मात्र मला कधी सुचले नाही. तो गृहिणींचा प्रांत. त्यात माझा प्रवेश पन्नाशी उलटल्यावर झाला, आणि तो नातवामुळे.

आमची कन्या न्यू जर्सीत असते. तिला गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या उन्हाळ्यात मुलगा झाला. संक्रांतीनंतर त्याचे बोरनहाण करायचे तिने ठरविले. बोरनहाण म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना सांगणे नको. बोरे आणि उसाचे करवे टपालाने जात नाहीत, ताज्या फळांना तेथे मज्जाव आहे, हे तिलाही ठाऊक होते. "त्याचं मी इथे काहीतरी बघते, बाबा," ती म्हणाली, "पण हलव्याचे दागिने आईच्या हातचे हवेत. आणि थोडं सामान पाठवा. मोडलं तर मी नीट करीन, नाहीतर नवीन करीन."

झाले. आमच्या सौभाग्यवतींनी यादी केली आणि गणपतीच्या सुमारास आम्ही दोघे बेगमबाजारात दाखल झालो. जर, गोटा, सोनेरी कागद, तार, टिकल्या, निरनिराळ्या मापांचे मोती, सॅटिनच्या फिती, झबल्यासाठी काळे कापड. दुकानदार मारवाडी, त्याच्या हाताखालचा पोरगा तेलुगू, आमच्याशी बोलणे दखनीत आणि आमचे आपसांत मराठीत. हा व्यवहार हैदराबादबाहेरच्या माणसाला नाटकासारखा वाटेल, आम्हांला तो श्वासासारखा आहे. येथे टिकल्या तोळ्या-माशाने नव्हे तर पावशेराच्या हिशेबाने घेतल्या जातात. दोन दागिन्यांपुरते मागणारे आम्हीच. तरी त्या गृहस्थाने कपाळाला आठी न घालता पुड्या बांधून दिल्या.

शेवटी सौ.ने मोरपीस मागितले. बाळकृष्णाचा मुकुट करायचा तर मोरपीस हवेच. दुकानदाराने विचारले, सामान कोठे जायचे आहे? अमेरिका म्हणताच त्याने मान हलविली. "मास्टरसाब, मोर का पंख नक्को रखो. बाहर मुल्क को नै जाता." मला आधी वाटले, हा बाजारी समज असेल. पण त्याचे म्हणणे खरे होते. मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याच्या पिसांच्या निर्यातीस बंदी आहे. पीस रानात आपोआप गळलेले का असेना. सौ.ने तेथल्या तेथे हिरवा-निळा रेशमाचा दोरा घेतला आणि घरी येऊन पीस भरतकामाने काढले. ते मोराला पाहून काढल्यासारखे झाले नाही, पण मोरपीस आहे हे कळते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी सामानाची पेटी घेऊन टपालकचेरीत गेलो. दागिने मागाहून जाणार होते. सामान आधी पोहोचावे, हा हेतू. खिडकीवरील बाईंनी पत्ता वाचला आणि शांतपणे सांगितले, "सर, अमेरिका बंद है."

शाळा बंद असते, रस्ता बंद असतो; अमेरिका बंद असल्याचे मी प्रथमच ऐकत होतो. घडले होते ते असे. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. ही जकात कोणी गोळा करायची आणि कोणाकडे भरायची, याची व्यवस्था लागलेली नव्हती. म्हणून आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून पत्रे, कागदपत्रे आणि १०० डॉलरपर्यंतच्या भेटी एवढेच घेण्याचे ठरविले. पण विमानकंपन्या तेही नेईनात, तेव्हा महिनाअखेर सारेच थांबले. दोन राज्यकर्त्यांच्या ओढाताणीत माझ्या नातवाचा गोटा अडकला होता. मी पेटी काखेत मारून बसने घरी परत आलो. सौ. काही बोलल्या नाहीत. पेटी त्यांनी कपाटावर ठेवली आणि वर एक जुने वर्तमानपत्र झाकले.

त्या दिवशी मला आमच्या आजोबांची आठवण झाली. निजामाच्या राज्यात जकातीच्या खात्याला करोडगिरी म्हणत. आमचे मूळ गाव नळदुर्गाजवळचे. नळदुर्ग निजामाच्या मुलखात आणि दिवसभराच्या बैलगाडीच्या वाटेवरचे सोलापूर इंग्रजांच्या. सोलापुरास लग्नाचा बस्ता बांधला की परतताना करोडगिरीचा नाका लागे. नाक्यावर गाठोडे सोडून दाखवावे लागे, म्हणून घरच्या बायका नवी लुगडी एकावर एक नेसून गाडीत बसत आणि नाकेदार, बिचारा, उन्हाळ्यातही या बायका इतक्या कशा जाडजूड, असा प्रश्न न विचारता गाडी सोडून देई. आजोबा ही गोष्ट हसत सांगत. टपालाचीही तीच तऱ्हा होती. संस्थानाची स्वतःची तिकिटे १८६९ पासून होती, पण ती संस्थानाच्या हद्दीपुरतीच चालत. पुण्यास पत्र धाडायचे तर इंग्रजी तिकीट लावावे लागे. आपल्याच माणसाला वस्तू पाठविताना मध्ये सरकार बसलेले असणे आमच्या घराला नवे नव्हते, एवढेच मला म्हणावयाचे आहे.

१५ ऑक्टोबरला अमेरिकेचे टपाल पुन्हा सुरू झाल्याची बातमी आली. आता सामान आणि दागिने एकत्रच पाठवायचे ठरले आणि सौ. हलव्याला बसल्या.

हलवा बाजारात मिळतो, हे मी भीत भीत सुचविले होते. त्याला उत्तर मिळाले नाही. पुढे नियम पाहताना कळले की सौ.चा हट्ट कायद्याच्याही सोयीचा होता. परदेशातून येणाऱ्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना अमेरिकेच्या अन्नखात्याला द्यावी लागते. मात्र एखाद्याने आपल्या घरी स्वतः केलेला पदार्थ त्यानेच भेट म्हणून पाठविला, तर ती सूचना लागत नाही. सरकारी नियमांत स्वयंपाकघराला असा मान क्वचितच मिळतो. परातीखाली मंद निखारा, परातीत खसखस, त्यावर चमच्याने थेंब थेंब पाक आणि बोटांनी अखंड फिरविणे. कार्तिकातली कोरडी हवा होती म्हणून काटा फुटला. चार दिवस लागले. दुबई किंवा सिंगापूरला ज्यांची मुले आहेत त्यांनी येथे सावध राहावे: तेथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, हलवा पाठवायचा तर तो तिळावर किंवा साबुदाण्यावर केलेला असावा आणि तसे लिहावे.

मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, वाळे आणि चिमुकली बासरी तयार झाली. आता प्रश्न माझा होता, कारण जकातीचा फॉर्म भरायचा होता.

सीएन २३ असे या फॉर्मचे नाव. तो इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये असतो, कारण जागतिक टपालसंघाची अधिकृत भाषा फ्रेंच. १८७४ साली बर्न येथे हा संघ स्थापन झाला आणि १८७६ साली हिंदुस्थान त्यात आला. तेव्हापासून जगाचे टपाल एका नियमाने चालते. फॉर्मवर प्रत्येक वस्तूचे नाव, नग, वजन, किंमत आणि कोणत्या देशात झाली ते लिहायचे. त्याशिवाय प्रत्येक वस्तूला एक आकडा असतो. जगातील साऱ्या मालाची प्रकरणे पाडून ठेवलेली आहेत आणि पहिले सहा अंक बहुतेक देशांत सारखेच.

मी पहिल्या ओळीत इंग्रजीत 'साखरेचे दागिने' या अर्थाचे शब्द लिहिले. बाईंनी वर पाहिले. "ज्वेलरी? सोना है क्या?" मी म्हटले, नाही, साखर आहे. "फिर स्वीट लिखिए." मी म्हटले, ते खाण्याचे नाही, बाळाच्या अंगावर घालायचे आहे. "फिर ज्वेलरी." मागे रांग वाढत होती. बाईंनी यंत्रात शोधले. साखर आणि साखरेची मिठाई प्रकरण १७ मध्ये. मोती, रत्ने, सोने-चांदी आणि खोटे दागिने प्रकरण ७१ मध्ये. आमचा हलवा सतरा की एकाहत्तर? आकडे उलटे केले की मिठाईचा दागिना होतो, ही गंमत मराठीच्या शिक्षकाला एरवी फार आवडली असती. तीस वर्षे मुलांना शब्दांचे अर्थ सांगितले, आणि खिडकीपाशी मला हलव्याच्या दागिन्यांचा अर्थ सांगता येईना. अखेर मी लिहिले: 'घरी केलेली साखरेची मिठाई, दोऱ्यात ओवलेली, लहान मुलाच्या समारंभासाठी.' बाईंनी ते दोनदा वाचले आणि १७ वर शिक्कामोर्तब केले. मला ते भाषांतर अजूनही पुरते पटलेले नाही.

मग किमतीचा रकाना. शेजारच्या एका हितचिंतकांनी सांगून ठेवले होते की सर्व वस्तूंपुढे दहा-दहा रुपये लिहा आणि 'वापरलेले सामान' म्हणा. तसे लिहिणारे पुष्कळ असतात. पण पेटी कोणालाही उघडता येते, तसे फॉर्मवर छापलेलेच असते. आणि बाजाराची पावती माझ्या खिशात असताना मला खोटी किंमत लिहवेना. जर, मोती, कापड यांची किंमत पावतीवरून लिहिली. हलव्याची काय लिहायची? साखर, खसखस आणि कोळसा मिळून मी दोनशे रुपये लिहिले. सौ. माझ्या खांद्यावरून वाचीत होत्या. "दोनशे?" त्या हळूच म्हणाल्या. मी बाईंना विचारले, मेहनत धरायची का? त्या हसल्या आणि तेलुगूत शेजारच्या कारकुनाला काहीतरी म्हणाल्या, त्यानेही सौ.कडे पाहून मान डोलावली. रकाना दोनशेचाच राहिला.

सर्वांत खाली एक प्रश्न असतो, तो मी कधी विसरणार नाही. पार्सल पोहोचविता आले नाही तर काय करावे: पाठविणाराकडे परत करावे की सोडून दिल्याचे समजावे? परत मागविल्यास परतीचा खर्च आपला. सामानाच्या किमतीहून तो अधिक होण्याचा संभव होता. मी सौ.कडे पाहिले. त्यांनी 'परत' या चौकोनाकडे बोट केले.

पूर्वी परदेशी पार्सल पांढऱ्या मांजरपाटात शिवून, शिवणीवर लाखेचे ठिपके देऊन पाठवीत. पोस्टाबाहेर सुई-दोरा घेऊन बसलेली माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. आता पुठ्ठ्याची पेटी आणि चिकटपट्टी. लाख मात्र आमच्या पेटीत गेलीच. लाडबाजारातल्या लाखेच्या दोन बांगड्या मी कन्येसाठी घेतल्या होत्या. त्या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यांच्यापुढे मी निःशंकपणे ७१ लिहिले. पेटी भरली ९४० ग्रॅम.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात कन्येचा फोन आला. पेटी वाटेत उघडून पुन्हा चिकटविलेली होती. कोणीतरी आतले लोणी-कागद सोडून, दागिने पाहून, होते तसे गुंडाळून ठेवले होते. हाराचे सहा-सात दाणे फुटले, बासरी मधोमध मोडली. बासरी तिने आमच्याच जरीच्या दोऱ्याने बांधली. बोरांच्या जागी लाल आंबट क्रॅनबेऱ्या आणि चुरमुरे घातले. नातू मुकुट डोक्यावर राहू देईना. दोन्ही हातांनी ओढून त्याने तो तोंडात घातला, आणि फॉर्मवर १७ लिहिले ते बरोबरच होते असे मला फोनवर ते दृश्य पाहताना वाटले.

मागच्या रविवारी ग्रंथालयात पुस्तक परत करून मी त्या दुकानात डोकावलो. दुकानदाराने ओळखले. "पहुँच गया क्या, मास्टरसाब?" पोहोचले म्हणताच त्याने फळीवरून रंगीत टिकल्यांची एक पुडी काढली आणि पैसे न घेता माझ्या हातात ठेवली: "बच्चे के वास्ते." ती पुडी टेबलावर आहे. पुढच्या पेटीत ती जाईल. तिच्यापुढे किमतीच्या रकान्यात काय लिहायचे, हे बाईंना विचारायला हवे.