आईचं बिल आणि टॅक्स


२०२४ साली न्यू जर्सीत आमच्याकडे आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. ग्रीनकार्ड होतं, पण पाच वर्षं झाली नव्हती, म्हणून मेडिकेअर नाही. "मला काय धाड भरलीये" म्हणत विमाही घेऊ दिला नव्हता. खिशातून ४१,००० डॉलर गेले.

आमचं एजीआय १,२०,०००. त्याचे साडेसात टक्के, म्हणजे ९,००० सोडून उरलेले ३२,००० शेड्यूल ए वर दाखवता येतात. तेव्हा आम्हा दोघांचं स्टँडर्ड डिडक्शन २९,२०० होतं, म्हणजे फायदाच. मुख्य अट, तिचा निम्म्याहून जास्त खर्च आपण केलेला हवा. पुण्याच्या बँकेत नुसती साठणारी पेन्शन त्यात धरत नाहीत. (भारतात राहणाऱ्या सासऱ्यांचं ऑपरेशन मात्र चालत नाही. विचारून झालं!)

सीपीए फोनवर "डिपेंडंट" म्हणाला ते आईने ऐकलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, रात्री जेवली नाही. सकाळी चेकबुक पुढे केलं, "निम्मे माझे लिही."

चेक ड्रॉवरमध्ये आहे, वटवलेला नाही. रिटर्नवर तिचं नाव गेलं. तिला अजून सांगितलेलं नाही.