आधी चिठ्ठी, मग चर्चा

आमच्या सॉफ्टवेअरच्या व्यवसायात कोणत्या कामाला किती श्रम लागतील, याचा अंदाज सतत करावा लागतो. त्यासाठी प्रत्येक जण आपला आकडा असलेले पान पालथे ठेवतो. मग सर्व पाने एकदम उलटली जातात. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा देणारे आपली कारणे सांगतात व पुन्हा पाने टाकली जातात. ‘प्लॅनिंग पोकर’ नावाची ही रीत जेम्स ग्रेनिंग यांनी 2002 मध्ये मांडली. वरिष्ठांचा आकडा आधी कानी पडला, की इतरांचे आकडे त्याच्याच भोवती घुटमळतात. पालथ्या पानांनी ते टळते.

बुइटनव्हेल्डर्टमधील आपल्या काही कुटुंबांची मुले रविवारी आमच्या घरी अभ्यासाला जमतात. त्यांच्यापुढे प्रश्न ठेवला: आमच्या रस्त्याच्या एका पदपथावर फरशा किती? चिठ्ठ्यांवर 200, 600, 900 आणि 10,000 असे आकडे निघाले. मग चर्चा झाली. एकाला फरशी 30 सेंटिमीटरची असते हे ठाऊक होते. दुसऱ्याने रस्ता 120 मीटरचा धरला. रुंदीला पाच फरशा असतात, हे मात्र सर्वांत अबोल मुलीने सांगितले. ती त्यांवरून उड्या मारीत शाळेत जाते! 400 गुणिले 5, म्हणजे 2,000. नुसती सरासरी काढली असती, तर ती तीन हजारांच्या जवळ गेली असती.

ब्यूनॉस आयर्स येथे पाच हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही पाच-पाच जणांच्या गटांनी चर्चेने ठरविलेल्या अंदाजांची सरासरी स्वतंत्र अंदाजांच्या सरासरीहून अचूक ठरली.

परंतु गट म्हणजे कोण, हा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही. ज्या वर्गात बाबासाहेबांना स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्या वर्गात त्यांच्याशी चर्चा कोण करणार होते? 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांनीच भिक्षुसंघाच्या कार्यपद्धतीत ठराव, गणपूर्ती आणि गुप्त मतदानही होते, याची आठवण करून दिली होती. पालथे पान मला त्याच कुळातले वाटते.

नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या अखेरीस, साधारण बाराव्या वर्षी, मुलाने पुढे कोणत्या प्रकारच्या शाळेत जावे याचा सल्ला शाळा देते. तोही अंदाजच. चाचणीचा निकाल वरचढ आला, तर सल्ला उंचावण्याची तरतूद आहे; पण वर्गात मूल किती बोलते, याचा ठसा शिक्षकांच्या मनावर आधीच उमटलेला असतो, असे मला वाटते. त्यामुळे आमच्याकडे कारण सांगण्याची पहिली पाळी आता अबोल मुलांची असते. मोठ्या आवाजाच्या मुलांना हे फारसे रुचलेले नाही.