उंटावरून तलवारी फेकणारा मामलुक

'एज ऑफ एम्पायर्स 2' या 1999 सालच्या खेळात सॅरासन फौजेचा खास शिपाई म्हणजे मामलुक. तो उंटावर बसतो आणि शत्रूवर तलवारी फेकतो. एक फेकली की दुसरी, दुसरी की तिसरी. उंटाच्या पाठीवर तलवारींचं दुकान बांधलंय की काय, हे कुणी विचारत नाही. खरे मामलुक म्हणजे लहानपणी गुलाम म्हणून विकत घेतलेली आणि वर्षानुवर्षं घोडा, धनुष्य, भाला यांत घोटलेली मुलं. 1260 साली ऐन जालूतला त्यांनी मंगोलांना हरवलं ते घोड्यावर बसून.

तरी हे मी हसून सोडून देतो. तलवारीने घाव घालून दगडी किल्ला पाडणारे शिपाईही चालवून घेतो. जीव कसाबसा शिल्लक राहिलेला जखमी माणूस ताज्या माणसाइतकाच जोरात वार करतो, तेही ठीक. खेळ आहे शेवटी. बुद्धिबळातला उंट तरी कुठे खरा असतो?

राग येतो तो हित्तीनला. या खेळात सलाहुद्दीनची मोहीम आहे आणि तिच्यात हित्तीनची लढाई आहे. माझा भाचा आठवीत आहे. त्याने ती जिंकली आणि मला सांगितलं, "मामू, ऊंट जास्ती बनाने के, बस." सलाहुद्दीन कसा जिंकला, याचं त्याच्या डोक्यात बसलेलं उत्तर हेच: उंट जास्त होते.

आता खरं काय झालं ते पाहा. 1187 चा जुलै महिना. क्रूसेडरांची फौज सफूरियाला होती, तिथे झरे होते. सलाहुद्दीनने तिबेरियासला वेढा घातला आणि वाट पाहिली. 3 जुलैला ती फौज झरे सोडून उन्हात निघाली. अंगावर लोखंडी चिलखतं, वाटेत पुरेसं पाणी नाही, मागून तिरंदाजांचा सतत मारा. रात्र पाण्याविना काढली. समोर खाली तळं दिसत होतं, पण मध्ये सलाहुद्दीन होता. सकाळी त्याच्या माणसांनी वाळलेल्या गवताला आग लावली आणि धूर त्या कोरड्या घशांत गेला. 4 जुलैला सगळं संपलं. उंट होते, हो. सलाहुद्दीनच्या फौजेसाठी ते तळ्यावरून पाणी वाहून आणत होते.

खेळात साधनं चार: अन्न, लाकूड, सोनं, दगड. पाणी नाही. आणि अन्नाचीही गंमत बघा. शिपाई तयार करताना ते एकदाच मोजायचं. त्यानंतर तो जन्मभर जेवत नाही. मे महिन्यात आलेले रोजे ज्यांनी सोलापुरात धरलेत, त्यांना असरच्या नमाजनंतर जीभ टाळूला कशी चिकटते ते ठाऊक आहे. तेही पंख्याखाली बसून आणि मगरिबला पाणी मिळणार याची खात्री असताना.

मराठी माणसाला तर हे वेगळं सांगायलाच नको. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर भाऊसाहेबांची फौज बाहेर पडली ती रसद तुटल्यामुळे, उपासमार सोसून. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा चांगल्याच होत्या, पण पोटाला तोफ काय करणार?

'टोटल वॉर'च्या खेळांत थकवा आहे, धीर खचून पळणाऱ्या पलटणी आहेत. म्हणजे असं काही दाखवताच येत नाही, असं नाही. इथे मात्र शिपाई शेवटच्या श्वासापर्यंत लढतो आणि कुणी कैद होत नाही. हित्तीनला हजारो कैद झाले. टेम्पलर आणि हॉस्पिटलर कैद्यांची डोकी सलाहुद्दीनच्या हुकमाने उडवली गेली, तेही आपण सांगितलं पाहिजे. यूट्यूबवर त्याच्या तलवारीचे व्हिडिओ टाकणाऱ्या आपल्या पोरांना हा भागही माहीत नसतो आणि पाण्याचाही नसतो. त्यांचा सलाहुद्दीन याच खेळातून आल्यासारखा वाटतो.

असो. या खेळात स्वतःचा नकाशा बनवायची सोय आहे आणि ट्रिगर लावता येतात. दोन रविवार घालवून आम्ही मामा-भाच्याने हित्तीन बनवलं. तळं आणि झरा सोडून बाकी सगळ्या जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक क्रूसेडराचा जीव ठराविक सेकंदांनी थोडा थोडा कमी होईल, असा ट्रिगर लावला. भाचा क्रूसेडरांकडून खेळला. तळं दिसेपर्यंत त्याचे निम्मे स्वार मेले. उरलेल्यांना माझ्या साध्या तिरंदाजांनी संपवलं. मी एकही मामलुक बनवला नव्हता.

त्याने पुन्हा खेळून पाहिलं. तेच झालं. मग म्हणाला, "मामू, फिर ये लोगां झरा छोड के निकलेच कायकू?"

मग त्याला रेमंडची गोष्ट सांगितली. तिबेरियासच्या किल्ल्यात अडकलेली एशिवा ही त्रिपोलीच्या काउंट रेमंडची बायको. तरीही रेमंडच म्हणत होता की निघू नका, तिबेरियास गेलं तर जाऊ द्या. राजा गीने आधी ते ऐकलं. रात्री टेम्पलरांच्या मुख्याने त्याचं मन फिरवलं आणि पहाटे कूच झाली.

"और उसकी बीवी?"

5 जुलैला तिने किल्ला सोपवला. सलाहुद्दीनने तिला तिच्या माणसांसह त्रिपोलीला जाऊ दिलं.