लोण्याच्या मुलखात

फिनलंड देशाच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सरहद्दीला लागून उत्तर कारेलिया नावाचा मुलूख आहे. योएन्सू हे तिथले मुख्य शहर. कोलीच्या टेकडीवर उभे राहिलात, तर खाली पिएलिनेन सरोवर आणि नजर पोचेल तिथवर रान दिसेल. मधेमधे लहान शेते नि गोठे. दुधाचा धंदा आणि लाकूडतोड करणारी कष्टाळू माणसे. यांना आजार कसला, असे तुम्हांला वाटेल.

पण वाचकहो, १९७० च्या सुमारास इथले पुरुष ऐन उमेदीत हृदयविकाराने जात होते. दूधदुभते घरचे, म्हणून पावावर लोण्याचा जाड थर, खारवलेले मांस आणि वर सिगारेट. हिरवा पाला हे जनावराचे खाणे, असे मानणारेही होते! १९७१ साली तिथल्या लोकप्रतिनिधींनी सरकारकडे अर्ज केला, आणि १९७२ साली पेक्का पुस्का या तिशीही न गाठलेल्या डॉक्टरांच्या हाती काम आले.

नुसते सांगून कोण ऐकतो? आम्हां विस्तार खात्यातल्या माणसांना हे चांगले ठाऊक आहे. पुस्कांनी ‘मार्था’ या १८९९ पासूनच्या महिला संस्थेला हाताशी धरले. बायकांनी गावजेवणे घातली. रस्सा नेहमीचाच, फक्त मांस नि चरबी कमी, गाजरे-कंदमुळे जास्त. लोक जेवले, आणि घरी तसेच रांधू लागले. पुढे तर रक्तातले कोलेस्टेरॉल कोणते गाव जास्त उतरवते, याच्या स्पर्धा लागल्या.

पण लोणी कमी खा म्हटल्यावर गोठेवाल्याने करायचे काय? खरी अडचण इथेच होती, आणि दूधधंद्यातून विरोधही झाला. तेव्हा १९८० नंतरच्या दशकात शेतकऱ्यांना स्ट्रॉबेरी आणि करवंदासारखी दिसणारी काळी बेरी लावायला मदत मिळाली. थंडीत तगणाऱ्या, मोहरीच्या जातीच्या पिकाचे तेल देशातच निघू लागले. मला विचाराल तर सगळ्यात शहाणपणाचे काम हेच.

पुढच्या चाळीसएक वर्षांत तिथल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. नव्या औषधोपचारांचा हात त्यात आहेच, पण बराच वाटा स्वयंपाकघराचा.

राय नावाच्या धान्याच्या पातळ पारीत भात भरून भाजलेली कारेलियाची खास पोळी मात्र आजही मिळते. तिच्यावर उकडलेले अंडे कुस्करून घालतात, लोण्यात कालवून.