भित्री फियाट

मुंबईत हिंदमाताच्या चौकात पाणी भरलं की बाबांची फियाट बंद पडणार, हे आमच्या घरी गृहीतच होतं. पावसाळ्यात त्या बाजूला जायचं तर आई डब्यात दोन पोळ्या जास्त घ्यायची.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. पण तिला पद्मिनी कुणी म्हणत नसे. पाणी अर्ध्या चाकाला लागलं की रेडिएटरमागचा पंखा ते सपासप उडवायचा आणि गाडी आचके द्यायला लागायची. ‘मिसिंग करतेय,’ बाबा म्हणायचे. पुढच्या वीस पावलांत सगळं शांत. फरशीच्या गंजलेल्या भोकांतून पाणी आत यायचं, माझी चप्पल तरंगायला लागायची आणि मी दप्तर मांडीवर घेऊन पाय सीटवर ओढून घ्यायचो.

आसपासची पोरं धक्का मारून गाडी चढावर लावायची. बाबा बॉनेट उघडून डेल्कोच्या, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या, दोन्ही क्लिपा अंगठ्याने सोडवत. त्या काळ्या टोपीच्या आत पाण्याचे बारीक मणी दिसायचे. पिवळ्या फडक्याने ती पुसायची, फुंकर मारायची, पॉइंट कोरडे करायचे, वायरी पुसायच्या. मग समोरच्या टपरीवर कटिंग. चहा संपेपर्यंत ऊब धरलेलं इंजिन उरलंसुरलं पाणी वाळवून टाकायचं आणि गाडी खोकत खोकत सुरू व्हायची. ड्रमब्रेक ओले असायचे, म्हणून पुढे दादरपर्यंत बाबा ब्रेकवर हलका पाय ठेवूनच चालवत. काही टॅक्सीवाले जाळीपुढे गोणपाट बांधायचे, डेल्कोवर प्लास्टिकची पिशवी चढवायचे. बाबांनी तेही करून पाहिलं, पण फियाट ती फियाटच.

तेव्हा आम्ही तिला भित्री म्हणायचो. ती भीतीच तिला वाचवत होती, हे मला कळलं ते भाच्याच्या गाडीमुळे.

त्याची गाडी १.२ लिटरची, चार सिलेंडरची. तिला डेल्को नाही. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल, सगळं रबराने बंद. पंख्याने कितीही पाणी उडवलं तरी करंट जात नाही. कंपनीने हवा ओढायचं तोंडही विचार करून वर, बॉनेटच्या पुढच्या कडेजवळ ठेवलेलं. तिथून वळणं घेत काळ्या डब्यात आणि मग इंजिनात. भाच्याला तो डबा कंटाळवाणा वाटला. त्याने तो काढून चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पाइप आणि शंकूसारखा फिल्टर बसवून घेतला, तो थेट खाली, बंपरच्या आत, फॉग लॅम्पच्या मागे. रस्त्यापासून वीत-दीड वीत उंचीवर.

त्यामागचं शास्त्र खोटं नाही. बॉनेटखालची हवा तापलेली असते. खालची थंड हवा दाट, तिच्यात ऑक्सिजन जास्त. आणि खोटं कशाला बोलू, आवाज झकास यायचा. नुसत्या पावसानेही त्या फिल्टरला काही होत नाही. तेल लावलेल्या कापडातून थोडा ओलावा आत गेला तरी इंजिन त्याची वाफ करून सोडून देतं. घोळ होतो तो फिल्टर बुडाला की. मग तो पाइप म्हणजे शहाळ्यातली नळी.

त्याच्या इंजिनात एका सिलेंडरचा वाटा ३०० घनसेंटिमीटर. दट्ट्या पूर्ण वर आला की वर जागा उरते ती सुमारे ३३ मिलिलिटर, म्हणजे आचमनाच्या पाच-सात पळ्या. हवा तेवढ्यात मावते, कारण ती दाबली जाते. पाणी दाबलं जात नाही. ३००० फेऱ्यांवर प्रत्येक सिलेंडर सेकंदाला पंचवीस वेळा श्वास घेतो, त्यामुळे एवढं पाणी ओढून घ्यायला निमिषही लागत नाही. दट्ट्याला वर जायला जागा नाही, खालून क्रँक ढकलतोय. मधल्या मधे कनेक्टिंग रॉड वाकतो. डिझेल गाड्यांत तर ठिणगीचाच प्रश्न नाही आणि वरची जागा आणखी कमी.

मागच्या जुलैत त्याच हिंदमाताला पाणी नडगीपर्यंतच होतं. समोरून बस गेली, तिची लाट बंपरवर चढली. आचके नाहीत, खोकला नाही, गाडी एकदम टक् करून थांबली. तिथेच हात आवरला असता तर कदाचित थोडक्यात निभावलं असतं. त्याने बटण दोनदा दाबलं. गॅरेजमध्ये उस्तादने प्लग काढून इंजिन फिरवलं तर तिसऱ्या भोकातून कारंजं उडालं. ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं. विमा कंपनीने इंजिनाच्या संरक्षणाची जोडपॉलिसी मागितली. ती त्याने चार पैसे वाचवायला घेतलीच नव्हती.

गंमत बघा, सह्याद्रीत जीप घेऊन ओढे ओलांडणारे हवेचं तोंड सोंडेसारखं टपापर्यंत वर नेतात. आणि दरवर्षी तुंबणाऱ्या शहरातली आमची पोरं ते खाली आणतात.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमची फियाट कलिन्यात रस्त्याकडेला उभी होती, टपापर्यंत बुडालेली. पण ती बंद होती, काही ओढत नव्हती. प्लग काढून, पाणी उपसून, दोनदा ऑइल बदलून चौथ्या दिवशी ती सुरू झाली. सीटचा वास मात्र विकेपर्यंत गेला नाही.

भाच्याने आता कंपनीचा काळा डबा परत बसवलाय. यंदा जूनमध्ये संध्याकाळी त्याचा फोन आला.

“मामा, परळला आहे. पुढे पाणी दिसतंय. गाडी चढावर लावलीय, बंद करून.”

“किती वेळ झाला?”

“दीड तास. अजून उतरत नाहीये.”

“टपरी उघडी आहे का?”

“तिथूनच बोलतोय.”