धुऱ्यावरची सुवार्ता

नागपूरहून राजनांदगावला जाणारी रेल्वे भंडारा जिल्ह्यातून जाते. वरठीचे भंडारा रोड स्टेशन मागे पडले, की तुमसर रोडपर्यंत पावसाळ्यात धानाच्या बांध्याच बांध्या दिसतात. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक याच मार्गाने राजनांदगावला निघाले होते. डब्यातल्या एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांच्या गप्पा रंगल्या, आणि निरोप घेताना त्याने नवा करार टिळकांच्या हाती ठेवला. टिळक वाचत गेले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयाने घरादारावर काय ओढवले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

टिळकांना ज्या प्रवचनाने धरून ठेवले, ते भंडाऱ्यात वाचताना मी एका जागी हमखास थांबतो. देव भल्याबुऱ्यांवर सारखाच सूर्य उगववतो, नीतिमानाच्या आणि अनीतिमानाच्या शेतावर सारखाच पाऊस पाडतो, असे येशू तिथे सांगतो. आषाढात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या धानाच्या मुलखात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सर आली, की ती सातबाऱ्यावरचे नाव विचारत नाही.

पण पडलेल्या पावसाचे पुढे काय होते, ते आपल्या हातात असते. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या जाणत्या माणसांनी उतार ओळखून पाळी बांधल्या, पाणी अडवले, आणि धान पिकवले. मालगुजारीची जमीनदारी पद्धत १९५१ साली संपली; तलावांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, हे नाव राहिले. तलावाचे पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत जाते. वरच्याने धुरा, म्हणजे मधला बांध, फोडून वाट दिली, तर खालच्याचे पऱ्हे जगतात. अडवली, तर लोंबी भरण्याच्या दिवसांत जमिनीला भेगा पडतात. देवाने सगळ्यांसाठी पाडलेला पाऊस अशा वेळी एका माणसाच्या फावड्यापाशी येऊन थांबतो. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आज्ञा मला त्या फावड्याइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

रोवणीच्या दिवसांत येशूची आणखी एक गोष्ट इथे घडताना दिसते. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारी लावतो, आणि दिवस मावळायला तासभर उरला असतानाही चौकात उभ्या असलेल्यांना बोलावून घेतो. तुम्ही रिकामे का, असे तो विचारतो. आम्हाला कुणी कामाला लावले नाही, असे ते सांगतात. संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार पडतो आणि पहाटे आलेले कुरकुरतात.

आमच्याकडे बायांचे जथे दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. हुंडा पद्धतीने, म्हणजे ठोक रकमेवर, काम घेतले, की जथ्याला भराभर हात चालवणारी बाई हवी असते. म्हातारी, नुकती आजारातून उठलेली, लेकुरवाळी, या मागे राहतात. चुलीला मात्र सगळ्यांच्या घरी सारखेच तांदूळ लागतात. पहाटे आलेल्यांची कुरकुर मला खोटी वाटत नाही; ज्याची कंबर दिवसभर मोडली, त्याला हिशेब मागावासा वाटणारच. धनीही त्यांच्या ठरलेल्या मजुरीतला पैसा कापत नाही. तो एवढेच पाहतो, की उशिरा आलेल्याच्या घरीही आज रात्र होणार आहे. या गोष्टीतली कृपा मला त्या नजरेत दिसते. मजुरी वाटताना एखाद्या घरधन्याने मागे पडलेल्या बाईच्या हातावर पूर्ण रोज ठेवला, आणि बाकीच्या बायांनी तो गोड मानून घेतला, तर तो दृष्टान्त त्या धुऱ्यावर पुरा झाला.

डोंगरावरील प्रवचनातले एक वचन मात्र इथे जड जाते. सौम्य माणसांना भूमीचा वारसा मिळेल, असे येशू म्हणतो. पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाचा पाया १९८८ साली घातला गेला. पाणी चढत गेले तशी गावे उठली. शेते, घरे, देवळे, आंब्याची झाडे बुडाली. ज्यांनी कधी कुणाशी भांडण केले नाही, त्यांचीच भूमी गेली. त्यांच्यापुढे हे वचन कोणत्या तोंडाने वाचायचे? सोसत राहा, वर गेल्यावर मिळेल, असा त्याचा अर्थ सांगायला माझी जीभ रेटत नाही. ज्याने हे वचन दिले, त्याने भुकेल्यांना तसेच घरी धाडले नाही. शिष्यांना म्हणाला, तुम्हीच त्यांना खायला द्या. म्हणून मी ते वचन उठलेल्या माणसाचा हक्क म्हणून वाचतो. ते देवाने दिले आहे, आणि खरे करण्याचे काम त्याच्या नावाने प्रार्थना करणाऱ्यांवर सोपवले आहे. पुनर्वसनाच्या गावात कागद घेऊन हिंडणाऱ्या म्हाताऱ्याबरोबर कचेरीत जाऊन उभे राहणे, हा मला त्या वचनाचा आरंभ वाटतो.

आमची ख्रिस्ती मंडळी या जिल्ह्यात मूठभर. रविवारी उपासनेत पवित्र शास्त्र उघडले जाते, आणि सोमवारी जो तो शेतावर, शाळेत, कचेरीत जातो. देवाचे देणे सगळ्यांसाठी सारखे आहे, हा आमचा विश्वास. ते आपल्या हातापाशी आले की पुढे सरकते की तिथेच अडते, यावरून तो विश्वास खरा की नुसता पाठ केलेला, हे शेजाऱ्याला कळते. आणि त्याबाबत शेजाऱ्याची साक्ष मी माझ्या प्रार्थनेहून मोठी मानतो.