वांगणीचा हिशेब

बदलापूर (पूर्व)

चि. सायली,

तिकडे नेदरलँड्सला, नायमेगेनच्या तुझ्या विद्यापीठात बालीतल्या बेंगकाला गावावर जे संशोधन चालतं त्याबद्दल तू सविस्तर लिहिलंस, आणि शेवटी विचारलंस की आपल्या बदलापूरच्या पुढच्याच स्टेशनावर, वांगणीला, एवढी अंध माणसं का राहतात. तिथे पूर्वी एखादा आश्रम होता का, की बेंगकालासारखं तिथल्या घराण्यांतच काही आहे, असे दोन तर्कही तू केलेस. दोन्ही बरोबर नाहीत. पण प्रश्न चांगला आहे, कारण इथे जवळ राहणाऱ्यांनाही तो सहसा पडत नाही. ‘अंधांचं गाव’ असं म्हणून वर्तमानपत्रं दर दोन-चार वर्षांनी एक हळहळता लेख छापतात आणि विषय मिटतो. माझं म्हणणं असं आहे की वांगणीतली ही वस्ती दयेने वसलेली नाही आणि योगायोगानेही नाही. ती हिशेबाने वसली आहे, आणि तो हिशेब मांडून दाखवता येतो.

आधी बेंगकालाचं बघू, म्हणजे फरक कळेल. उत्तर बालीतल्या बुलेलेंग भागातलं ते छोटं गाव. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या २१८५ रहिवाशांपैकी ४७ जण जन्मतः बहिरे असल्याचं नोंदलं गेलं. एक अप्रभावी जनुक गावातल्या गावात लग्नं होऊन पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिलं, त्याचा हा परिणाम. तिथे ‘काता कोलोक’ ही खुणांची भाषा तयार झाली आणि ऐकू येणारे शेजारीसुद्धा ती वापरतात, हेच तुमच्या संशोधकांना मोलाचं वाटतं. म्हणजे गाव आधीपासून होतं आणि बहिरेपण त्याच्या पोटात जन्मलं. वांगणीचं नेमकं उलटं. इथली शेकडो दृष्टिहीन माणसं राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आली आहेत. कुणी जन्मांध, कुणाची नजर लहानपणच्या आजारात गेली, कुणाची पुढे केव्हातरी. त्यांची जात एक नाही, नातं एक नाही. समान आहे ते एवढंच की प्रत्येकाने मोठेपणी, स्वतःच्या डोक्याने, इथे खोली भाड्याने घेतली. त्यामुळे वांगणीच्या बाबतीत रक्त तपासून काही हाती लागणार नाही. भाडं आणि गाड्यांचं वेळापत्रक तपासावं लागेल.

आपल्या या पट्ट्यातल्या वस्त्यांना बहुधा कुणीतरी वसवलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी रिकामी झाली, फाळणीनंतर सरकारने सिंधी निर्वासितांना तिथल्या बराकींत आणून ठेवलं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते पायाभरणी होऊन तिचं उल्हासनगर झालं. आजही तिथले पत्ते कॅम्प एक ते पाच असेच सांगतात. अंबरनाथला अकराव्या शतकातलं शिलाहारांचं शिवमंदिर असलं, तरी शहर वाढवलं ते विमको या आगपेटी कंपनीने, ऑर्डनन्स फॅक्टरीने आणि नंतर एमआयडीसीने. बदलापूर वाढलं डोंबिवलीत घर न परवडलेल्या नोकरदारांमुळे. त्याचं श्रेय (किंवा खापर) बिल्डरांना द्यायला हरकत नाही. वांगणीच्या अंध वस्तीला मात्र ना सरकारी ठराव आहे, ना पायाभरणीचा दगड. एकाला खोली मिळाली, त्याने ओळखीच्या दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने शाळेतल्या जुन्या सोबत्याला. अशा वस्तीची नोंद कुठे होत नाही, आणि नोंद नाही म्हणून तिच्यामागे काही विचार असेल असं कुणाला वाटत नाही.

आता हिशेब. यातल्या बऱ्याच जणांचा धंदा लोकलमध्ये माल विकण्याचा: नेलकटर, किल्ल्यांच्या चेनी, पाससाठी प्लास्टिकची कव्हरं, पेनं, रुमाल. काही जण गाणं म्हणतात. डोळस माणसाला गाडीत विकणं म्हणजे रस्त्यावर जागा न मिळाल्याने पत्करलेला दुय्यम मार्ग वाटतो. न दिसणाऱ्याच्या बाजूने विचार कर. रस्त्यावर खड्डे, उघडी गटारं, उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या, आणि गिऱ्हाईक समोरून न बोलता निघून जातं. गाडीत गिऱ्हाईक बसलेलं किंवा चेंगरून उभं असतं, पण पळून जाऊ शकत नाही. आवाज दिला की डब्याच्या टोकापर्यंत पोचतो. स्टेशनांचा क्रम कधी बदलत नाही आणि डब्यात त्यांची नावं पुकारली जातात. मुंबईच्या सगळ्या सार्वजनिक जागांत दृष्टिहीनाला सर्वांत सहज ‘वाचता’ येणारी जागा कुठली असेल तर ती लोकल आहे, आणि तिच्यातून रोज ७० लाखांवर माणसं जातात. त्यात रेल्वेने अंध प्रवाशाला मासिक आणि त्रैमासिक पासात ५० टक्के सवलत दिली आहे, तीच त्याच्या एका सोबत्यालाही. दिव्यांगांचा वेगळा डबा आहे आणि तो फलाटावर कुठे येतो ते कळावं म्हणून बीप वाजण्याची सोय आहे.

मग ठाणं किंवा कल्याण सोडून वांगणीच का? कारण भाडं. अंबरनाथ आणि बदलापूर लोकल अलीकडेच संपतात. वांगणीला थांबतात त्या फक्त कर्जत-खोपोलीच्या गाड्या, म्हणजे गाड्या कमी. सीएसएमटीपासून अंतर ८० किलोमीटरच्या घरात. शिवाय उल्हास नदीचा पूर. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना एनडीआरएफ आणि नौदलाने बाहेर काढलं, ते तू बातम्यांत पाहिलं असशील. जिथे गाडी कमी आणि पाणी जास्त, तिथे खोली स्वस्त. हे झालं भाड्याचं. पण माझ्या मते खरी मेख पुढे आहे. कर्जतहून निघालेली गाडी वांगणीला अजून भरलेली नसते, हातात मालाची पिशवी घेऊन चढता येतं, आणि तिथून मुंबईपर्यंतचे जवळजवळ दोन तास तुझ्या-माझ्यासाठी वाया गेलेले असतात, पण विक्रेत्यासाठी तेच दुकान उघडं असण्याचे तास. नोकरदार जितका लांब राहील तितका तोट्यात जातो. गाडीत विकणाऱ्याचं तसं नाही. घर लांब असल्याने त्याचा प्रवास वाढतो आणि प्रवास वाढल्याने धंद्याचा वेळ. स्वस्त भाड्यासाठी बाकी सगळे जी किंमत मोजतात, ती याला मोजावी लागत नाही.

याचा पडताळा गंमतीदार ठिकाणी मिळतो. सरकारने गिरणी कामगारांसाठी शेलू आणि वांगणी इथे मिळून ८१ हजार घरं देऊ केली. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले आणि त्यांनी ती साफ नाकारली. घर मुंबईतच हवं, शेलू-वांगणी नको. त्यांच्या जागी आपण असतो तर हेच म्हणालो असतो, कारण त्यांचं कामधाम, नाती, हक्क सगळं गिरणगावात. मालकीचं घर मिळत असतानाही एकांनी नाकारलेली जागा दुसऱ्यांनी भाडं भरून निवडली. जागा तीच, हिशेब निराळे. वांगणीची वस्ती निव्वळ लाचारीतून झाली असं म्हणणाऱ्यांनी या दोन निर्णयांचा मेळ घालून दाखवावा.

दुसरा पडताळा टाळेबंदीचा. मार्च २०२० च्या चौथ्या आठवड्यात लोकल बंद झाल्या. जूनच्या मध्यापासून सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरत्या. सर्वसामान्यांना २०२१ च्या फेब्रुवारीत ठरावीक वेळांत मुभा मिळाली, एप्रिलमध्ये ती पुन्हा गेली. ही वस्ती देणग्यांवर उभी असती तर त्या वर्षभरात तिला विशेष फरक पडायचं कारण नव्हतं, उलट शिधा वाटणाऱ्यांचा ओघ वाढला. तरी घरं कोलमडली ती गाडी थांबल्यामुळे. यावर तू विचारशील, की हिशेब चुकल्यावर माणसं सोडून का गेली नाहीत? डिपॉझिट अडकलेलं, मुलं शाळेत घातलेली, आणि गावी परतून करायचं काय, हा प्रश्न तर मुळात त्यांना इथे घेऊन आला होता. शिवाय त्या वर्षी मुंबईच्या आसपास दुसरीकडे कुठलाच हिशेब जुळत नव्हता.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला कायद्याचा. रेल्वे कायदा १९८९, कलम १४४: परवान्याविना गाडीत माल विकणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा २०१४ चा कायदा आला, पण त्याने रेल्वेची जागा आणि गाड्या स्पष्टपणे वगळल्या. म्हणजे ही वस्ती बेकायदा धंद्यावर उभी आहे, हे खरंच. पण यातून वस्ती वाईट ठरत नाही, कायदा अर्धवट ठरतो. ज्या खात्याने पासाला सवलत दिली, वेगळा डबा दिला, त्याच खात्याचा शिपाई पिशवी जप्त करतो. प्रवास करायला मदत आहे, प्रवास कशासाठी करायचा याला मनाई आहे. सरकारी नोकऱ्यांत २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना ४ टक्के राखीव जागा आहेत, त्यातला अंध आणि अल्पदृष्टींचा वाटा १ टक्का. ज्यांना मिळाल्या त्यांचं भलं झालं. बाकीच्यांना संजय गांधी निराधार योजनेतून मिळत होते ते महिना १५०० रुपये, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ते २५०० झाले. एवढ्यात महिना काढून दाखवा असं म्हणायचीसुद्धा सोय नाही, इतका तो आकडा बोलका आहे.

दुसरा आक्षेप तुझ्याच विद्यापीठातून येईल: अपंगांनी अपंगांमध्ये राहणं म्हणजे समाजाने त्यांना वेगळं काढणं. तत्त्व म्हणून मान्य. पण वांगणीत कुंपण नाही. ती माणसं इतरांच्याच चाळींत आणि इमारतींत राहतात, आणि एकमेकांजवळ असण्याचे फायदे अगदी रोकडे आहेत. एक उदाहरण घे. नोटबंदीनंतर आलेली २०० ची नोट १४६ मिलिमीटर लांब आणि ५०० ची १५०. रुंदी एकच. चार मिलिमीटरच्या फरकावर दिवसाची कमाई अवलंबून. रिझर्व्ह बँकेचं नोट ओळखणारं ‘मनी’ हे अ‍ॅप आलं ते जानेवारी २०२० मध्ये, आणि चालत्या गाडीत, गर्दीत, गिऱ्हाईकासमोर फोन काढून नोट तपासत कोण बसेल? अशा वेळी बोटाच्या पेराशी नोट कशी मापायची ते शेजाऱ्याकडून शिकलेलं कामी येतं. प्रमाणपत्राचा अर्ज कुठे द्यायचा, कुठला दुकानदार सुटे मोजून देतो, कुठला रिक्षावाला दारापर्यंत सोडतो, हे ज्ञान वस्तीत साठतं. एकटा दृष्टिहीन माणूस एखाद्या मोठ्या संकुलात ‘समाजात मिसळून’ राहिला तर त्याला हे सगळं दर वेळी विनंती करून मिळवावं लागेल. मी इथे एक गोष्ट मात्र मान्य करतो. सोबत्याची सवलत आहे म्हणून घरातल्या डोळस मुलाला सोबती करण्याचा मोह असतो, आणि त्याची किंमत ते मूल शाळा बुडवून मोजतं. वांगणीचा हिशेब मला सर्वांत कच्चा वाटतो तो इथे.

१७ एप्रिल २०२१ चं चित्रण तूही पाहिलं आहेस. वांगणीच्या फलाटावरून एका दृष्टिहीन आईचा हात धरून चालणारं मूल रुळावर पडलं, समोरून एक्स्प्रेस येत होती, आणि पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन, सेकंदांच्या अंतराने, त्याला वर ढकललं. रेल्वेने दिलेल्या ५० हजारांपैकी निम्मी रक्कम त्या मुलासाठी देण्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यांचं कौतुक झालं ते थोडंच म्हणायला हवं. पण त्या कौतुकात कुणी असं विचारलं नाही की ज्या स्टेशनावर इतके दृष्टिहीन प्रवासी रोज चढतात-उतरतात, तिथली फलाटाची कड त्यांच्या पायाला ओळखू येते का. एका शूर माणसाच्या जागी असण्यावर स्टेशन चालवता येत नाही. कायमची सोय करायची तर वस्तीची दखल घ्यावी लागेल, आणि त्यासाठी आधी तिथली माणसं प्रवासी आणि विक्रेते आहेत हे मानावं लागेल, आणि मग कलम १४४ आडवं येतं.

पुढे काय होईल हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने बदलापूर-कर्जत तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली, ३२ किलोमीटर. त्या झाल्या की गाड्या वाढतील, गाड्या वाढल्या की बदलापूरचे बिल्डर पुढे सरकतील, आणि वांगणीची खोली स्वस्त राहणार नाही. माझा तर्क खरा असेल तर त्या दिवशी ही वस्ती शेलूला, नेरळला, कदाचित भिवपुरीला सरकू लागेल. तसं न होता ती तिथेच टिकली, तर शेजार हा भाड्यापेक्षा मोठा निघाला असं समजून मला माझं म्हणणं दुरुस्त करावं लागेल. दुसरी गोष्ट, जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी गाडीतून पडले, त्या अपघातानंतर रेल्वेने जाहीर केलं की नव्या साध्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे असतील आणि डब्यातून डब्यात जायला आतून वाट असेल. बंद दारांमुळे विक्रेत्यांचं चढणं-उतरणं अवघड होईल असं म्हणतात. मला उलटी शक्यता दिसते. आज डबा बदलायला त्यांना स्टेशनावर उतरून, फलाटावरून धावून, पुढच्या दारात चढावं लागतं. आतून वाट झाली तर वांगणीला चढलेला माणूस पार मुंबईपर्यंत फलाटाच्या कडेला न जाता बारा डबे फिरू शकेल. पकडणाऱ्या शिपायालाही अर्थात तीच वाट मोकळी असेल.

तुझा,
मामा